टेबलावरचा हात

माझ्या बहिणीबद्दल पेपरात काही छापून आलं की पहिल्या ओळीत ‘अष्टपैलू अभिनेत्री’ असतंच. आठच पैलू कुणी मोजले, देव जाणे. मी तिची थोरली बहीण. मला विचाराल तर तिला एकच गोष्ट येते आणि ती तिला दुधाचे दात पडायच्या आधीपासून येते. दुसऱ्याचं अंग स्वतःवर चढवायचं, बस्स. बाकी सगळं तुम्ही लिहिणाऱ्यांनी वाढवलंय.

लोक विचारायला येतात माझ्याकडे. मी त्यांना दुकानातल्या स्टुलावर बसवते, चहा देते आणि हातातलं काम न थांबवता सांगते. ज्याला घाई असेल त्यानं खुशाल उठावं. माझ्यामागे इस्त्रीचे ढीग पडलेत आणि गिऱ्हाईक कुणाच्या बहिणीची कीर्ती ऐकून थांबत नाही.

आम्ही इस्त्रीवाले. हे दुकान आईचं. पुढे दुकान, मागे एक खोली, आणि त्या खोलीत एक लांबलचक लाकडी टेबल. जेवण त्यावर, अभ्यास त्यावर, घड्या घालणं त्यावर, भांडणंही त्यावरच. वडील बस चालवायचे. धाकटी पाच वर्षांची असताना ते गेले. धाकटी म्हणजे हीच, तुमची अष्टपैलू. जगानं तिला बाईसाहेब म्हणू दे नाहीतर मॅडम, आमच्या घरात ती धाकटीच.

दुकानात तारेवर गिऱ्हाइकांचे कपडे लटकलेले असायचे. ही हळूच खाली शिरायची आणि कोट अंगात घालून बाहेर यायची. वकिलांचा कोट घातला की हिचा उजवा खांदा खाली यायचा, मान पुढे जायची. एकदा मी विचारलं, “अगं, तू त्या वकिलांना पाहिलंयस तरी का?” तर म्हणाली, “ताई, कोटाचा हा खांदा बघ ना किती घासलाय. रोज पिशवी इथेच लटकवत असणार.” पुढच्या आठवड्यात वकील स्वतः कोट न्यायला आले. खांदा खाली, मान पुढे. मला हसू आवरेना, मी मागच्या खोलीत पळाले.

आई हसून हसून डोळे पुसायची. मग एकदम आवाज चढवायची, “पुरे झाली माकडचेष्टा. काढ तो कोट. एक सुरकुती दिसली तर तुझ्या पाठीवरून इस्त्री फिरवीन.” पण दुसऱ्या दिवशी नर्सबाईंचा पोशाख आला की तीच विचारायची, “काय गं, या कशा चालतात?” माझ्या आईला हसायला दुसरं काही नव्हतंच. दिवसभर उभी, तोंडावर वाफ, आणि मागे दोन मुली. धाकटीच तिची करमणूक होती.

नाटकाशी आमचा संबंध आला तोही कपड्यांमुळेच. पलीकडच्या रस्त्यावरच्या नाट्यगृहाचे कपडे आमच्याकडे इस्त्रीला यायचे. राजांचे झगे, शिपायांचे डगले, भुतांच्या चादरी. शाळा संपल्यावर धाकटीचं काम एकच, गठ्ठा पोचवून यायचा. एक दिवस गठ्ठा पोचवायला गेली ती आलीच नाही. जेवणं झाली, मी शिव्या घालत शोधायला गेले, तर ही बया रंगमंचावर प्रेत होऊन पडलेली! प्रेताचं काम करणारी बाई आली नव्हती म्हणे. नाटक बसवणारे गृहस्थ, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, ते विंगेत माझ्या कानाशी कुजबुजले, “तुमची बहीण मेलेलीसुद्धा झकास दिसते.” याला कौतुक म्हणायचं की काय म्हणायचं, मला अजून कळलेलं नाही.

तिथून ती सुटलीच. दासी झाली, राणी झाली, चेटकीण झाली. एका नाटकात म्हातारा आजोबा झाली आणि लोक शेवटपर्यंत त्या आजोबांचं नाव पत्रकात शोधत बसले. एकदा घोड्याचे मागचे पाय झाली. हसू नका. पुढचे पाय करणारा माणूस म्हणाला होता, “इतके शहाणे मागचे पाय मला कधी मिळाले नव्हते.”

प्रत्येक नाटकाला आई पहिल्या रांगेत. ठेवणीतली शाल पांघरून, हात मांडीवर ठेवून बसायची. नाटक संपल्यावर तिचं मत ठरलेलं, “राणीच्या झग्याला इस्त्री बरी नव्हती.” धाकटी रुसायची. मी म्हणायचे, “अगं वेडे, झग्याला इस्त्री तिनंच केली होती. तिला दुसरं काही बोलता येत नाही म्हणून ती असं बोलते.”

आता मुद्द्यावर येते. आईची एक लकब होती. काही अवघड बोलायचं असलं की ती मोकळ्या टेबलावर तळहात ठेवायची आणि मधून कडेकडे नेत राहायची. वर कापड नाही, इस्त्री नाही, नुसतं टेबल. पण ती ते सपाट करत राहायची. घरमालक दारात आला की हात टेबलावर. शाळेतून माझी तक्रार आली की हात टेबलावर. मग बोलायची.

मास्तरांनी एक फार्स बसवला. त्यात धाकटीला मोलकरणीचं काम होतं, बावळट, घाबरट मोलकरीण. मालक ओरडले की तिची पाचावर धारण बसायची. धाकटीनं काय करावं? तिनं आईचा हात उचलला. मालक ओरडले की ही टेबलावर हात फिरवायला लागायची. मग खुर्चीवर. मग सोफ्यावर. आणि शेवटी, मालकांचं काम करणारे काका चांगले टकले होते, तर त्यांच्या टकलावर! मधून कडेकडे, मधून कडेकडे. अहो, नाट्यगृह डोक्यावर घेतलं लोकांनी. माणसं खुर्च्यांवरून घसरली. मीसुद्धा तोंडात रुमाल कोंबला.

मग मी शेजारी पाहिलं. आई हसत नव्हती. तिचे दोन्ही हात शालीखाली गेले होते. ती समोर बघत होती आणि तिच्या चारी बाजूंनी लोक हसत होते, तिलाच हसत होते आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

घरी आलो. आईनं झग्याच्या इस्त्रीचा विषयसुद्धा काढला नाही. दुसऱ्या दिवशी धाकटी नाचत आली, “काय मग, कसं वाटलं?” आई म्हणाली, “लोक हसले ना? झालं तर.” आणि शर्ट पुढ्यात ओढला.

मी धाकटीला दुकानाच्या मागे ओढत नेलं आणि फाडफाड बोलले. “तुला माहीत आहे का तो हात कुठून आला? बाबा गेले त्या दिवशी आई दवाखान्यातून एकटीच परत आली. आपण दोघी टेबलाशी बसलो होतो. ती समोर बसली आणि हात फिरवायला लागली. किती तरी वेळ फिरवत होती. मग म्हणाली, बाबा आता यायचे नाहीत. त्याआधी तिला मी असं करताना कधीच पाहिलं नव्हतं. तू ते टकलावर केलंस!”

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. ती त्या दिवशी तिथेच होती, पण लहान होती. तिच्या डोक्यात हात तेवढा राहिला होता, प्रसंग पुसला गेला होता. हे नटमंडळींचं असंच असतं बघा. चाल उचलतात, आवाज उचलतात, आणि कुठून उचललं ते विसरतात. चोराला निदान घर तरी आठवतं.

धाकटीनं आईची माफी मागितली आणि पुढच्या प्रयोगाला तो हात काढून टाकला. नुसतीच थरथरत उभी राहिली. हशा पडला, पण अर्धासुद्धा नाही. मास्तर भडकले, “तो हात परत घाल!” ही म्हणाली, “नाही घालणार.” “का?” “तो माझा नाही.” मास्तरांना वाटलं, पोरीच्या डोक्यात हवा गेली. दोन प्रयोगांनंतर मोलकरणीचं काम दुसरीला दिलं आणि हिला घरी बसवलं. तिनं मास्तरांना कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईचं हसं आणखी एकदा झालं असतं. मी आईला म्हटलं, “तिनं हात काढला गं. त्यापायी काम गेलं तिचं.” आई शर्टाची बाही उलटी करत म्हणाली, “त्या मेकॅनिकचा निळा शर्ट कुठे टाकलास?”

आणि त्या दिवसापासून आईचा हात बंद झाला. शर्टावर, चादरीवर चालायचा, पण मोकळ्या टेबलावर कधी आला नाही. अवघड बोलायची वेळ आली की ती हात मांडीवर घट्ट धरून बसायची. आणि तिनं नाट्यगृहाची पायरी चढणं सोडलं.

धाकटी काही घरी बसून राहिली नाही. दुसऱ्या मंडळींनी बोलावलं, मग गावोगावचे दौरे, मग सिनेमा. सिनेमात आधी दार उघडणारी, मग नर्स, मग न्यायाधीश. एका मालिकेत ती अशी काही दुष्ट बाई झाली की लोकांचं डोकं भणभणायचं. आणि गंमत अशी की रस्त्यात तिला कुणी ओळखायचं नाही. बसमध्ये शेजारची बाई त्या दुष्ट बाईला तिच्याच तोंडावर शिव्या घालायची आणि ही मान डोलावायची, “मेलीला काहीच कसं वाटत नाही हो!” घरी येऊन मला सांगायची आणि आम्ही दोघी हसून लोळायचो. आई तिथेच असायची. तिच्या तोंडावरची रेघ हलायची नाही.

धाकटी मात्र हटली नाही. प्रत्येक नव्या नाटकाचा, सिनेमाचा पास आईच्या नावानं यायचा. चांगला जाड, गुळगुळीत पुठ्ठ्याचा. आईनं एकही टाकला नाही. तिनं ते कापून शर्टांच्या कॉलरमध्ये घातले! कॉलर ताठ राहावी म्हणून. खरं सांगते, आमच्या भागातली बरीच सभ्य माणसं माझ्या बहिणीची आमंत्रणं गळ्यात घालून फिरत होती. एकदा औषधांच्या दुकानदारांना कॉलरमध्ये अर्धा पास सापडला. वाचून त्यांना चेव आला, तिकीट काढून नाटक बघून आले आणि मुद्दाम दुकानात सांगायला आले, “काय काम करते हो तुमची मुलगी! मी रडलो.” आई म्हणाली, “कॉलर नीट बसली ना?”

मी चिडायचे. “आई, पुरे झालं आता. तिनं माफी मागितली, काम घालवलं, आणखी काय करायचं तिनं?” आई म्हणायची, “मी कुठे काय म्हणते? तिचं छान चाललंय.” राग असता तर परवडला असता हो. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. ही हात झाकून बसलेली. तिच्याशी काय भांडणार?

धाकटीची माझ्याकडे एकच भुणभुण असायची, “ताई, ती एकदा येईल का गं?” बक्षिसं मिळाली, फोटो आले, गळ्यात हार पडले, तरी हिचं एकच. पडदा वर गेला की पहिल्या रांगेत शाल शोधायची. एवढी मोठी बाई, केस पिकायला लागलेली. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. दोघींचाही.

मग तो सिनेमा आला. धाकटीला पहिल्यांदाच मुख्य काम मिळालं होतं. इतकी वर्षं सगळ्यांची आई, सगळ्यांची मोलकरीण झाल्यावर कुणाला तरी वाटलं, हिलाच मध्ये उभी करावी. गोष्ट साधी. एक बाई, तिची मुलं, आणि कामावरून न परतलेला नवरा. त्यात एक प्रसंग होता. बाई टेबलाशी बसते आणि मुलांना सांगते. दिग्दर्शक तरुण मुलगी होती, हुशार. तिनं संवाद ठेवलेच नव्हते. म्हणाली, “तुम्ही सांगायच्या आधीच मुलांना कळलं पाहिजे.”

धाकटीनं रडून बघितलं, न रडून बघितलं, खिडकीकडे बघून बघितलं. शॉटमागून शॉट झाले. ती मुलगी दर वेळी नम्रपणे म्हणायची, “मॅडम, छान आहे. पण खोटं वाटतंय.” शेवटी म्हणाली, “हा प्रसंग आपण सोमवारी घेऊ.”

शनिवारी दुपारी धाकटी दुकानात आली. मेकअप नाही, तोंड उतरलेलं. मला म्हणाली, “ताई, मला माहीत आहे तिथे काय हवंय. पण विचारल्याशिवाय मी ते करणार नाही. सिनेमा गेला तरी चालेल.” मी म्हटलं, “आणि ती नाही म्हणाली तर?” “तर खोटंच करीन. आजवर केलंच की.”

आई मागच्या खोलीत टेबलाशी बसली होती. आता तिच्याच्यानं इस्त्री उचलवत नव्हती. रुमालांच्या घड्या तेवढ्या घालायची. कानानं कमी ऐकायची. धाकटी समोरच्या खुर्चीत बसली. मी दारात उभी राहिले. दोघींना एकटं सोडायला हवं होतं, पण माझा पाय निघेना.

“आई, एक काम आलंय,” धाकटी मोठ्यानं म्हणाली. “एक बाई आहे. तिला मुलींना सांगायचंय की तुमचे बाबा आता यायचे नाहीत. मला ते येत नाही. मला तुझा हात हवाय. मागे मी न विचारता घेतला. आज विचारते. नको म्हणालीस तर परत नाव काढणार नाही.”

आईनं रुमालाची घडी पूर्ण केली. ढिगावर ठेवली. ढीग बाजूला सरकवला. टेबल मोकळं झालं. मला वाटलं, आता ही उठून जाणार.

आई म्हणाली, “दाखव.”

धाकटीनं टेबलावर हात ठेवला. मधून कडेकडे. अगदी आईसारखा. बोटं थोडी फाकलेली, अंगठा आत. आई शर्ट तपासावा तशी वाकून बघत होती.

“चूक,” आई म्हणाली.

धाकटी थांबली.

“हलका फिरवतेस. मी हलका नव्हते फिरवत.” आईनं मांडीवरचा हात वर काढला. किती वर्षांनी! तो तिनं धाकटीच्या हातावर ठेवला आणि दाबला. म्हाताऱ्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. “असा दाबायचा. माझा हात थरथरत होता गं त्या दिवशी. उचलला असता तर तुम्हाला दिसला असता. तुम्ही एवढ्याशा. म्हणून टेबलावर दाबून धरला. पण नुसता धरून ठेवला तरी थरथरतच होता. फिरवला की कळत नव्हतं.”

मी त्या दिवशी टेबलाशीच बसले होते. धाकटीपेक्षा मोठी होते, सगळं पाहिलं होतं, आयुष्यभर लोकांना सांगत आले. मलाही हे माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, ती टेबल सपाट करतेय.

धाकटी रडायला लागली. आई म्हणाली, “रडू नकोस. तेव्हा मी रडले होते का? परत कर.” आणि तिनं त्या नावाजलेल्या बाईकडून दुपारभर तालीम करून घेतली हो! “खांदा नको उचलूस.” “आधी धाकटीकडे बघायचं, मग थोरलीकडे.” “आता बोल. नाही, अजून नाही. अजून फिरव.” मी दुकान बंद केलं. एक गिऱ्हाईक दार ठोठावून गेलं, जाऊ दिलं.

सोमवारी शॉट पहिल्याच खेपेला झाला. ती तरुण दिग्दर्शक नुसतं तोंड फिरवून उभी राहिली म्हणे.

सिनेमाचा पास आला. मी बघत होते, तो कुणाच्या कॉलरमध्ये जातोय. आईनं तो आपल्या उशीखाली ठेवला आणि शालीला स्वतः इस्त्री केली. इस्त्री तिनं दोन्ही हातांनी धरली होती, मला हात लावू दिला नाही.

थिएटरात आम्ही तिघी शेजारी बसलो. मध्ये आई, एकीकडे मी, दुसरीकडे धाकटी. पडद्यावर तो प्रसंग आला. एवढा मोठा हात, एवढं मोठं टेबल. मधून कडेकडे, दाबून. खचाखच भरलेलं थिएटर, आणि कुणाचा खोकलाही ऐकू येईना. मागे कुणीतरी नाक ओढलं तेवढंच.

आईचे हात शालीखाली होते. तिला कमी ऐकू येतं म्हणून तिला वाटतं सगळ्यांनाच कमी ऐकू येतं. ती माझ्याकडे वळून चांगली मोठ्यानं म्हणाली, “कुणी हसलं का गं?”

पुढच्या चार रांगा वळून बघायला लागल्या. मी तिच्या कानाशी वाकले. “नाही आई. कुणीच नाही हसलं.”

मग तिनं शालीतून हात काढला आणि धाकटीच्या बाहीवरून फिरवायला लागली, खांद्यापासून मनगटापर्यंत, परत खांद्यापासून.

“सुरकुती पडलीये,” ती म्हणाली. धाकटीनं हात तसाच पुढे धरून ठेवला.